आठ बिघे आणि सहासष्ट वय: कसायची, बटाईनं द्यायची, मुनाफ्यानं द्यायची, की विकायची?

इंदूरच्या मराठी घरांत हा विषय वर्षातून दोनदा हमखास निघतो. एकदा सोयाबीन कापायला मजूर मिळत नाहीत तेव्हा आणि दुसऱ्यांदा पुण्या-बंगळूरची मुलं दिवाळीला घरी येतात तेव्हा. राजेंद्रनगर किंवा सुदामानगरात घर, देपालपूर, सांवेर किंवा महूकडे वाडवडिलांची थोडी जमीन, रोज जाऊन-येऊन ती सांभाळणारे बाबा आता साठी ओलांडलेले. मुलं म्हणतात, "आता पुरे." बाबा म्हणतात, "मग खायचं काय?" दोघांचंही खरं असतं. चर्चा बहुधा "बघू पुढच्या सालाला" वर संपते आणि पुढच्या सालाला गुडघे आणखी कुरकुरायला लागतात.

बँकेच्या ग्रामीण शाखेत शेतीकर्जाच्या टेबलावर नोकरी झाल्यामुळे नातेवाईक अजूनही मला हे विचारतात. म्हणून एक नमुना घेऊन सगळे पर्याय शेजारी-शेजारी मांडतो: स्वतः कसणं, बटाई (कसणाऱ्याशी पिकाची निम्मी वाटणी), मुनाफा (रोख रक्कम ठरवून सालानं देणं) आणि विक्री. देपालपूरच्या बाजूला 2 हेक्टर ओलिताची काळी जमीन, म्हणजे आपल्याकडच्या हिशेबानं साधारण आठ बिघे. नवरा 66 वर्षांचा, बायको 62 ची. नोकरीची पेन्शन कोणालाच नाही. मुलगा बंगळूरला, मुलगी लग्न होऊन उज्जैनला. शेतीचे आणि भावाचे आकडे धरून चालायचे आहेत, त्या जागी तुमच्या गावचे टाका.

माझा कल आधीच सांगून टाकतो. या वयात सरकारी पेन्शन निर्णय फिरवण्याएवढी नाही, महिन्याचा पैसा जमिनीतूनच काढावा लागेल. त्यासाठी नांगर सोडावा, कागदावरचं नाव सोडू नये.

आधी पेन्शन, तिथे फार वेळ लागत नाही

प्रधानमंत्री किसान मानधन योजना सप्टेंबर 2019 मध्ये सुरू झाली. 2 हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या शेतकऱ्याला साठीनंतर महिना 3,000 रुपये. पण नाव नोंदवायचं वय 18 ते 40. म्हणजे आपल्या नमुन्यातल्या बाबांना हे दार कधी उघडलंच नाही, योजना आली तेव्हाच ते साठीला टेकले होते. अटल पेन्शन 2015 ची, तिचीही वयोमर्यादा 18 ते 40. आज जे म्हातारे आहेत त्यांच्यासाठी या दोन्ही नाहीत.

त्यांच्यासाठी उरतं काय? पीएम किसानचे वर्षाला 6,000 रुपये, तीन हप्त्यांत. त्यावर राज्याच्या मुख्यमंत्री किसान कल्याण योजनेचे आणखी 6,000. ती 2020 मध्ये 4,000 वर सुरू झाली होती, 2023 मध्ये वाढली. दोन्ही मिळून वर्षाला 12,000, महिन्याला हजार. वृद्धापकाळ पेन्शन मध्यप्रदेशात महिना 600 रुपये आहे, पण ती गरिबीरेषेखालच्यांसाठी. आठ बिघे ओलित असलेल्या घराचं त्या यादीत नाव बसत नाही आणि बसवण्याची खटपटही करू नये. बायकांसाठीच्या लाडली बहना योजनेची मर्यादा साठीपर्यंत, त्यामुळे 62 वर्षांच्या आई त्यातूनही बाहेर.

तर सरकारकडून घरात येतात महिना हजार रुपये. औषधांच्या दुकानातली एक फेरी.

घरात किंवा भावकीत 40 च्या आतला कोणी खरोखर शेती करणारा असेल, तर त्याच्यासाठी मात्र ही तुलना महत्त्वाची आहे. ऐन चाळिशीत किसान मानधनचा हप्ता महिना 200 रुपये, सरकार तेवढेच घालतं, साठीनंतर 3,000. अटल पेन्शनमध्ये त्याच वयाला 3,000 साठी 873 रुपये भरावे लागतात. मानधन स्वस्त दिसतं आणि आहेही, पण माणूस गेल्यावर जोडीदाराला निम्मी, 1,500 रुपये, आणि मुलांना काही नाही. अटलमध्ये जोडीदाराला पुरी पेन्शन आणि दोघांच्या मागे वारसाला 5.1 लाख. शिवाय वीस वर्षांनंतरचे 3,000 आजचे 3,000 नसतात. महागाई वर्षाला 6 टक्के धरली तर त्यांची किंमत आजच्या साडेनऊशेच्या आतच येते. तरीही 200 रुपयांत मिळते म्हणून घ्यावी. हप्ता पीएम किसानच्या पैशातून परस्पर कापून घ्यायची सोय आहे, त्यामुळे विसरायचा प्रश्न नाही. पीएफ कापला जाणाऱ्या नोकरदार मुलाला ती मिळत नाही, त्याच्या नावानं अर्ज भरायचा प्रयत्न कोणी करू नये. चाळिशी ओलांडलेल्या पन्नाशीतल्या शेतकऱ्याला एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) उरतं, तिथे सत्तरीपर्यंत खातं उघडता येतं. पण त्यात जेवढं घालाल त्यावरच मिळेल.

जाता जाता एक. दक्षिण कोरियात 2011 पासून शेतजमिनीवर पेन्शन मिळते: म्हातारा शेतकरी जमीन तारण ठेवतो, महिन्याला पैसे घेतो, वर तीच जमीन कसतो किंवा भाड्यानं देतो. आपल्याकडे अशी सोय फक्त राहत्या घरावर आहे, 2007 पासून, आणि तिच्याकडेही फारसं कोणी वळत नाही. शेतजमिनीवर ती आली असती तर हा लेख निम्म्यात संपला असता.

स्वतः कसणं, बटाई, मुनाफा: खरी तुलना इथे

गव्हाचं साधं गणित. 2 हेक्टरवर हेक्टरी 40 क्विंटल धरले तर 80 क्विंटल. 2025 च्या खरेदीत आधारभाव 2,425 आणि राज्याचा बोनस 175, म्हणजे 2,600. झाले 2,08,000. सोयाबीन हेक्टरी 10 क्विंटल धरा, जास्त धरून स्वतःची फसवणूक नको. 20 क्विंटल, 2025 च्या हंगामाचा आधारभाव 5,328, झाले 1,06,560. अर्थात छावणी किंवा लक्ष्मीबाईनगरच्या मंडीत तेवढा भाव मिळेलच असं नाही. 2025 मध्ये राज्याला सोयाबीनसाठी भावांतर योजना, म्हणजे भावातला फरक भरून देणारी योजना, आणावी लागली ती त्यामुळेच. तरी कागदावर एकूण 3,14,000 धरू.

खर्च निम्मा धरा: बी, खत, फवारणी, ट्रॅक्टरचं भाडं, हार्वेस्टर, मजुरी. तरुण माणूस यातली बरीच कामं अंगानं करतो, 66 व्या वर्षी प्रत्येक कामाला पैसे मोजावे लागतात. म्हणून निम्मा. हातात राहतात एक लाख साठ हजारांच्या आत-बाहेर, महिन्याला साधारण 13,000.

बटाईत निम्मं उत्पन्न, दीड लाखावर थोडं. आपल्याकडे बी-खतातही बहुधा निम्मा वाटा मालकाचा असतो, तो 40,000 धरला तर एक लाख सतरा हजार उरले. महिन्याला पावणेदहा हजार.

मुनाफ्यात, म्हणजे रोख ठरवून सालानं देण्यात, बिघ्याला 15,000 धरले तर 1,20,000. महिन्याला 10,000, तेही आधीच ठरलेले.

आता हे तीन आकडे शेजारी ठेवा. स्वतः कसण्यात आणि मुनाफ्यात फरक महिन्याला तीन हजारांचा. त्या तीन हजारांसाठी काय करायचं? रात्रीच्या पाळीला लाइट आली की मोटर चालू करायला जायचं. रोजडे (नीलगायी) शेतात शिरतात म्हणून राखण बसवायची. हार्वेस्टरवाल्याला फोन करत बसायचं. मंडीत ट्रॉलीच्या रांगेत थांबायचं. आणि ऐन सप्टेंबरच्या शेवटी पाऊस लागला, शेंगा शेतातच फुटल्या, तर ते तीन हजार त्याच वर्षी वाहून जायचे. सोयाबीन निम्मं गेलं तर कसणाऱ्याचं नुकसान 53,000, बटाईवाल्या मालकाचं त्याच्या निम्मं, मुनाफा ठरवून घेतलेल्याचं शून्य.

तब्येत धड असेल, रोज शेतावर गेल्याशिवाय करमत नसेल, तर कसा. मी कोणाला घरी बसा म्हणणार नाही, कित्येक म्हाताऱ्यांचं शेत सुटलं की जेवण सुटतं. पण मग पीक यंत्राचं ठेवा. गहू पेरणीपासून काढणीपर्यंत भाड्याच्या यंत्रांनी होतो. सोयाबीनही आता बरंचसं तसंच. बटाटा, लसूण, कांदा यांत पैसा जास्त आहे, महू-सांवेरकडे लोकांनी त्यात कमावलाही. पण ती उभं राहून करून घ्यायची पिकं, झाबुआ-आलीराजपूरच्या मजुरांच्या टोळ्यांशी रोजच्या रोज बोलणी करायची पिकं. साठीनंतर लसूण लावायचा तर जोडीला चाळिशीचा माणूस हवा. मधला मार्गही आहे: घराजवळचे किंवा विहिरीजवळचे दोन बिघे स्वतःकडे ठेवायचे, बाकी सहा मुनाफ्यानं. हरभरा, घरचा गहू, थोडी भाजी आणि रोज जायला कारण.

बटाईला लोक मुनाफ्यापेक्षा बरी समजतात, कारण साल चांगलं गेलं तर वाटा वाढतो. तत्त्वतः बरोबर. पण वाटा मोजायला मालक हजर लागतो. किती पोती निघाली, किती थेट मंडीत गेली, भाव काय लागला हे इंदुरात बसून कळत नाही. बटाई तुमच्या आणि बटाईदाराच्या विश्वासावर चालते, आणि तो विश्वास पिढीजात असेल तर ती उत्तम. तुमच्या वडिलांच्या वेळेपासून एकच घर जमीन करत असेल तर मोडू नका. नवीन माणसाशी मात्र मुनाफाच.

कागद, ज्याला सगळे घाबरतात

बहुतेकांना एकच भीती: बटाईदार बसला तर उठणार नाही. ही भीती हवेतली नव्हती. मध्यप्रदेश भू-राजस्व संहिता 1959 ची, तिच्यात सर्वसाधारण शेतकऱ्याला सलग तीन वर्षांत एकाच वर्षासाठी जमीन पट्ट्यानं देता येत असे. विधवा, अविवाहित स्त्रिया, अपंग अशांना सूट होती. नियम मोडून वर्षानुवर्षं दिली तर कसणाऱ्याला हक्क लागण्याची सोय त्याच कायद्यात होती. म्हणून लोक तोंडी व्यवहार करत, दर साली बटाईदार बदलत, नाहीतर पडीक ठेवत.

2016 मध्ये राज्यानं भूमिस्वामी आणि बटाईदार दोघांच्या हितरक्षणाचा वेगळा कायदा केला. लेखी करार करायचा, जास्तीत जास्त 5 वर्षांचा, त्याची प्रत तहसिलीत द्यायची. मुदत संपली की ताबा मालकाकडे परत, बटाईदाराला त्यातून मालकी हक्क लागत नाही. नुकसानभरपाई आणि पीकविम्याची रक्कम करारात ठरेल तशी वाटली जाते. म्हणजे ज्या कागदाला लोक घाबरतात तोच कागद त्यांना वाचवतो. तोंडी व्यवहारात मालकाला हे संरक्षण नाही.

कसणाऱ्यासाठीही तेच. करारपत्र असेल तर तो बटाईदार म्हणून पीकविमा घेऊ शकतो (शेतकऱ्याचा हप्ता खरिपाला 2 टक्के, रब्बीला दीड), गव्हाच्या सरकारी खरेदीत सिकमी (दुसऱ्याची जमीन कसणारा) म्हणून नोंदणी करू शकतो. नाहीतर होतं काय, पीक त्याचं जातं आणि भरपाई तुमच्या खात्यात येते. मग गावात तोंड दाखवायला लाज वाटते, किंवा वाटत नाही, दोन्ही वाईटच.

करार तीन वर्षांचा करा. पाच नको, भाव बदलतात आणि माणसंही. रकमेत दर साली थोडी वाढ लिहून ठेवा. मालव्यात साल आखातीजेपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, धरतात, तेव्हा बोलणी होळीच्या सुमाराला झाली पाहिजेत, जूनमध्ये कोणी भाव देत नाही. निम्मी रक्कम आखातीजेला, निम्मी सोयाबीन विकल्यावर, हे लहान शेतकऱ्याला झेपतं. सगळी आधीच मागाल तर तुम्हाला फक्त गावातला सधन माणूस मिळेल आणि तो भाव पाडून मागेल. मुरूम काढायचा नाही, झाडं तोडायची नाहीत, बोअरवेलची मोटर जळली तर खर्च कोणाचा, हे सगळं लिहायचं. मोटरीवरून जेवढी भांडणं होतात तेवढी मुनाफ्याच्या रकमेवरून होत नाहीत.

मुनाफ्याची रक्कम आयकरात शेतीचंच उत्पन्न धरली जाते, तेव्हा त्या बाजूनं काळजी नाही. पीएम किसानही जमीन नावावर आहे तोवर चालू राहतो.

विकण्याबद्दल, भावना थोडी बाजूला ठेवून

इथे एक गणित आहे जे पहिल्यांदा मांडलं की लोक रागावतात. समजा बिघ्याला 30 लाख भाव आहे. रस्त्याच्या कडेला, इंदूरच्या दिशेला, एवढा असू शकतो. त्या बिघ्याचा मुनाफा 15,000. म्हणजे तीस लाखांची वस्तू वर्षाला अर्धा टक्का देते. तेच 30 लाख पोस्टातल्या किंवा बँकेतल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले, एका माणसाला तेवढीच मर्यादा आहे, तर 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला 61,500 येतात. महिन्याचे 20,500. एका बिघ्यातून. आठही बिघ्यांच्या मुनाफ्याच्या दुप्पट.

म्हणून माझं म्हणणं असं की "विकायची की नाही" हा प्रश्नच चुकीचा मांडला जातो. सगळी विकणं आणि काहीच न विकणं या दोन टोकांच्या मध्ये एक बिघा विकून सात ठेवणं आहे. सातांचा मुनाफा 1,05,000, पावणेनऊ हजार महिना. व्याजाचे 20,500. सरकारचे हजार. तीस हजारांच्या घरात दोघा माणसांचं इंदुरात नीट चालतं आणि मुलाकडे हात पसरावा लागत नाही.

भाव बिघ्याला 8 लाख असेल, आतल्या गावात, तर हे गणित लंगडं होतं. एका बिघ्यातून साडेपाच हजार महिना सुटतील. तरी मुनाफ्यापेक्षा चौपट आहेत. पण आतल्या गावची जमीन तुकड्यानं विकायला गिऱ्हाईक शेजारचाच असतो आणि तो भाव पाडतो. तिथे थांबणं बरं.

सगळी का विकू नये? व्याजाची रक्कम पाच वर्षं तेवढीच राहते, महागाई थांबत नाही. मुद्दल वाढत नाही, जमीन वाढते. आणि हातात दोन कोटी आलेला म्हातारा हा शहरातल्या प्रत्येक भाच्याचा आवडता मामा होतो. याउलट एक बिघ्याचा पैसा योजनेत अडकवलेला असतो, मुदतीआधी काढला तर कापून मिळतो, म्हणून कोणी मागतही नाही.

विकताना तीन गोष्टींवर पैसा बुडतो.

पहिली, वाट. रस्त्याकडचा तुकडा विकला जातो, कारण भाव त्याला असतो, आणि मागच्या सात बिघ्यांना रस्ताच उरत नाही. रजिस्ट्रीत मागच्या जमिनीसाठी वाट सोडल्याचं लिहून घ्या, त्याआधी सीमांकन करून घ्या, विक्रीनंतर नकाशात तरमीम (नव्या हद्दीची दुरुस्ती) झाली का ते स्वतः पटवाऱ्याकडे बघा. विहीर, बोअर आणि वीजजोडणी कोणत्या तुकड्यात राहते हेही.

दुसरी, कर. खेड्यातली शेतजमीन विकली तर भांडवली नफ्यावर कर नाही. पण "खेड्यातली" कशाला म्हणायचं हे अंतरावर ठरतं. दहा लाखांपेक्षा मोठ्या शहराच्या हद्दीपासून हवाई अंतर 8 किलोमीटरच्या आत असेल तर ती शहरी. इंदूर त्यात येतं, आणि महापालिकेची हद्द वाढली की ते 8 किलोमीटरही पुढे सरकतात. छोट्या नगर परिषदेजवळ, लोकसंख्या दहा हजार ते एक लाख, हेच अंतर 2 किलोमीटर. शहरी धरली गेली तर नफ्यावर साडेबारा टक्के, किंवा 23 जुलै 2024 आधी घेतलेल्या जमिनीला महागाईचा हिशेब लावून 20 टक्के, जे कमी पडेल ते. वाडवडिलार्जित जमिनीची किंमत 1 एप्रिल 2001 ची धरता येते, त्याचा मूल्यांकन दाखला आधी काढून ठेवा. दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली तर सूट आहे, पण आपण पेन्शनसाठी विकतोय, तेव्हा तिचा उपयोग नाही. आणि एक बारीक कात्री: त्या वर्षी आयकर भरला की पीएम किसानच्या नियमानं तुम्ही अपात्र. बारा हजारांसाठी कोणी तीस लाखांची विक्री थांबवणार नाही, पण हप्ता का थांबला म्हणून चक्कर मारत बसू नये. व्याजाचे 2,46,000 तेवढेच असतील तर नव्या करपद्धतीत त्यांच्यावर कर बसत नाही. फक्त दर वर्षी तसं घोषणापत्र द्या, नाहीतर कापून घेतात आणि मग परताव्याची वाट बघा.

तिसरी, बयाना, म्हणजे विसार. कॉलनी पाडणारा येतो, थोडा बयाना देतो, दोन वर्षांची मुदत लिहून घेतो आणि तुमचीच जमीन इतरांना दाखवत फिरतो. त्या दोन वर्षांत तुम्हाला ना विकता येते ना धड मुनाफ्यानं देता येते. मुदत चार-सहा महिन्यांची, बयाना भरघोस, मुदत हुकली की सौदा रद्द. ज्याला हे मान्य नाही त्याच्याकडे पैसे नाहीत.

जमीन इंदूर-पीथमपूर कॉरिडॉर किंवा बाहेरच्या रिंगरोडच्या रेषेत येत असेल तर हा सगळा हिशेब बाजूला ठेवा. सक्तीच्या संपादनाच्या मोबदल्याला कर लागत नाही, बदल्यात विकसित भूखंड मिळण्याचे प्रस्तावही असतात. अशा जमिनीचा तुकडा घाईनं दलालाला देणं म्हणजे नुकसान.

मुलांच्या नावावर करून टाकणं

"आज ना उद्या त्यांचीच आहे" असं म्हणत बरेच जण हे करतात. भू-राजस्व संहितेत त्याची सोपी सोयही आहे: हयातीतच कायदेशीर वारसांमध्ये वाटणी करायला तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. वारसांमध्ये मुलगी येते, हे उज्जैनच्या जावयाला सांगायला लागत नाही, पण बाबांना अजून सांगावं लागतं.

पेन्शनच्या नजरेनं बघितलं तर हा सगळ्यात वाईट पर्याय. मुनाफा मुलाच्या नावे जातो. पीएम किसान बंद होतो, आणि मुलालाही सुरू होत नाही, कारण 1 फेब्रुवारी 2019 नंतर नावावर झालेली जमीन तिथे फक्त वारसानं, म्हणजे मूळ मालक गेल्यावर आलेली असेल तर चालते. पीककर्जाचं खातं नव्यानं काढावं लागतं. बंगळूरच्या मुलाला त्यातलं काहीच नको असतं.

मुलगा वाईट वागेल म्हणून मी हे म्हणत नाही. चांगला मुलगाही कर्जात सापडतो, त्याचंही घर मोडू शकतं, आणि मग जमीन त्याच्या वादांत ओढली जाते. दानपत्र केलंच, तर त्यात "आम्हा दोघांचा सांभाळ करण्याच्या अटीवर" हे स्पष्ट लिहा. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात सांभाळ न केल्यास असं हस्तांतरण रद्द करता येतं. 2 जानेवारी 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं मध्यप्रदेशातल्याच एका आईच्या बाजूनं तसा निकाल दिला. पण 2022 च्या एका निकालात त्याच न्यायालयानं अट दाखवता आली पाहिजे असंही म्हटलं होतं. प्रेमापोटी बिनशर्त लिहून दिलेल्या कागदावर नंतर फार काही करता येत नाही.

मृत्युपत्र हा साधा उपाय. मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही पण करावी, आणि मन बदललं तर पुन्हा लिहिता येतं. जमीन हयातीत तुमची, मागे त्यांची.

सौर आणि बाग, थोडक्यात

कुसुम योजनेच्या पहिल्या भागात शेतावर 500 किलोवॅट ते 2 मेगावॅटचा सौर प्रकल्प लावता येतो, तो वीज उपकेंद्रापासून 5 किलोमीटरच्या आत असला पाहिजे. 1 मेगावॅटला दोन हेक्टरच्या आसपास जागा लागते, म्हणजे आपले आठ बिघे बरोबर बसतात, आणि कंपनीला भाड्यानंही देता येते. वाचायला छान वाटतं. पण करार 25 वर्षांचा. 66 व्या वर्षी 25 वर्षांचा करार तुम्ही करत नसता, तुमची मुलं करत असतात, तेव्हा त्यांना विचारून करा. आणि काळी ओलिताची जमीन त्यात घालू नये, मुरमाड असेल तर जरूर.

पेरू-संत्र्याची बाग लावून बहार उभाच विकणं म्हाताऱ्या माणसाला सोयीचं असतं, पण पहिली तीन-चार वर्षं पैसा नाही. पंचावन्नाव्या वर्षी लावायची गोष्ट आहे ती.

हिशेबात न धरलेली व्यक्ती

या सगळ्या चर्चेत आई चहा करून आत निघून जातात. आकडे मात्र त्यांचेच आहेत. त्या चार वर्षांनी लहान आहेत आणि बायका पुरुषांपेक्षा जास्त जगतात, तेव्हा शेवटची काही वर्षं हा पैसा एकट्या त्यांना पुरवायचा आहे. बाबा मृत्युपत्राशिवाय गेले तर आई, मुलगा आणि मुलगी यांचे सारखे हिस्से, बाबांची आई हयात असेल तर तिचाही. म्हणजे आठ बिघ्यांच्या मुनाफ्यातले आईंच्या वाट्याला तीनातला एक, महिन्याला तीन-साडेतीन हजार. बाकीचं मुलांच्या मनावर.

म्हणून मृत्युपत्रात जमीन मुलांना देतानाही मुनाफा आईंच्या हयातीपर्यंत आईंना, हे वाक्य वेगळं लिहा. बचत योजनेचं खातं दोघांच्या नावे जोडीनं उघडा, एकाच्या मागे दुसऱ्याला चालू ठेवता येतं. मुनाफा ज्या खात्यात येतो त्याचं एटीएम कार्ड त्यांच्याकडे असू द्या, आणि करारावर सही होताना त्यांनाही बसवा, कसणाऱ्याचा चेहरा त्यांना माहीत असला पाहिजे. ऋण पुस्तिका (जमिनीचं पासबुक), बी-1 ची (जमीन खात्याच्या उताऱ्याची) नक्कल, करारपत्र आणि समग्र आयडी (राज्याचा कुटुंबाचा ओळख क्रमांक) एका फायलीत घालून ती कुठे ठेवली आहे हे मुलाला आणि मुलीला, दोघांनाही सांगा.